ब्राह्मी आक्कांची बिनआवाजी खोली

ब्राह्मी आक्का चातुर्मासभर मौन धरणार, हे ऐकून निपाणीतला आमचा निम्मा गोतावळा हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू? आक्का झोपेतसुद्धा बोलायच्या, आणि नुसत्या बडबडायच्या नाहीत, पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला उत्तर द्यायला लावायच्या.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची, वृषभची आत्या. त्याचे वडील त्यांना आक्का म्हणायचे, म्हणून सगळं घरच आक्का म्हणतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे यजमान गेले आणि चिकोडीच्या सासरहून त्या भावाकडे परत आल्या. घरात बसून रडत राहण्यापेक्षा त्या आमच्या तंबाखूच्या वखारीत जाऊन बसल्या. चाळण्यांच्या गोंगाटात बायकांकडून काम करून घेता घेता त्यांचा आवाज चढला तो चढलाच. मराठीत सुरू केलेलं भांडण कानडीत संपवायची त्यांची पद्धत. कान तर इतके तिखट, की स्वयंपाकघरात दूध उतू जायच्या बेतात आलं की त्या पुढच्या सोप्यातून ओरडायच्या, "दिव्या, गॅस बारीक कर गं!" मी बेळगावहून लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, ही बाई भिंतीतून बघते की काय.

अशा बाईला मौन हवं कशाला? एकदा मी विचारलंच.

"हातानं कधी मुंगी मारली न्हाय गं," आक्का म्हणाल्या. "पर ह्या जिभेनं लई जणांस्नी घायाळ केलंय. वखारीतल्या बायका माझ्या बोलण्यानं रडत घरला गेल्यात. एक चातुर्मास तरी तोंड माझ्या ताब्यात ऱ्हाऊ दे. मग डोळं मिटलं तरी चालतंय."

ते ऐकल्यावर मात्र माझं हसू गेलं.

याआधी दोनदा त्यांनी मौन धरलं होतं आणि दोन्ही वेळा ते मोडलं होतं. दोष आमच्या घराला चिकटून उभ्या राहिलेल्या मंगल कार्यालयाचा. चातुर्मासात लग्नं नसतात म्हणून ते गप्प असेल असं कुणाला वाटेल, पण मालक काय खुळा आहे हॉल रिकामा ठेवायला? बारशी, वाढदिवस, निवडून आलेल्यांचे सत्कार, शिवाय गणपतीत समोरच डॉल्बी. पहिल्या खेपेला डॉल्बीचा पहिला ठोका पडला आणि आक्कांच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. दुसऱ्या खेपेला कुणीतरी त्यांच्या खिडकीखालीच फटाक्यांची माळ लावली. त्या वेळी दोन शब्दांवर भागलं नाही. "कोण हाय रं त्यो मुडद्या?" असं अख्खं वाक्य कार्यालयातल्या पाहुण्यांपर्यंत गेलं. त्यानंतर आक्कांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. ओट्यावर बसून आपलंच तोंड पदरानं दाबून धरायच्या. मला ते बघवलं नाही.

मौनाचे नियम त्यांचे त्यांनीच घातले होते आणि ते कडक होते. बोलायचं नाही, लिहून दाखवायचं नाही, हाताच्या किंवा मानेच्या खुणाही करायच्या नाहीत. आता वय झालेलं. ही तिसरी खेप हुकली तर चौथी मिळेलच याचा भरवसा नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

वृषभची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं ते आक्कांनी. आक्कांसाठी तो डोंगरही हलवील, पण कुठला हलवायचा हे मात्र विचारणार नाही. उन्हाळ्यात एक दिवस तो म्हणाला, "आक्का, तुला एक खोली करून देतो. भाईर तोफ उडाली तरी आत कळायचं न्हाय."

घरामागच्या बोळाला लागून असलेली खोली ठरली. कोल्हापूरचा एक माणूस आला. तो गाणी रेकॉर्ड करायच्या खोल्या बांधून देतो. त्यानं पिशवीतले तुकडे सोप्यात मांडले आणि आक्का साडी निवडायला बसल्यासारख्या पुढ्यात बसल्या. त्यानं आधी एक गोष्ट समजावली. बाहेरचा आवाज अडवायला जड वस्तू लागते, आणि आत आलेला आवाज शोषायला मऊ. नुसत्या मऊ गाद्या लावल्या तर खोलीतला घुमारा जाईल, पण डॉल्बी आत यायचा तो येणारच. म्हणून खिडकी विटांनी बुजवायची, दार जाड करायचं, फटींना रबर लावायचं, जुन्या भिंतीपुढे थोडी जागा सोडून प्लायची दुसरी भिंत उभी करायची आणि मधल्या पोकळीत मऊ माल ठासायचा, शिवाय आतल्या अंगालाही त्याचाच एक थर द्यायचा. हवेसाठी वर एक वाकडा पाइप.

आता मऊ माल कुठला, यावर सगळं अडलं.

आक्का एकेक तुकडा हातात घेऊन विचारायच्या, "हे कशाचं?" लोकरीचा जाड पट्टा होता. तो त्यांनी "मेंढराचं व्हय? नगं" म्हणून बाजूला सारला. फोमच्या वासानं त्यांचं डोकं धरलं. दगड वितळवून काढलेली लोकर होती. तिला जीवहत्येचा दोष नाही म्हणून कोल्हापूरकर खूश झाला, तर आक्का म्हणाल्या, "भट्टी म्हटल्यावर पाखरं पडून मेली असतील की न्हाय?" त्यानं ती लोकर पिशवीत परत घातली. आमचा सुतार परशराम तिथंच उभा होता. त्याला वाटलं आपणही काही सुचवावं. म्हणाला, "वैनी, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवत्यात. मोबाईलवर बघितलोय मी."

जैनाच्या सोप्यात अंड्यांचे ट्रे! मी तोंडात पदर कोंबून आत पळाले. कोल्हापूरकरानं परशरामला वाचवलं. त्या ट्रेनं काही होत नाही, ती नुसती अफवा आहे, असं त्यानं सांगितलं.

शेवटी तोड आक्कांनीच काढली. "आमच्या वखारीत ढीगभर बारदान पडलंय. ताग म्हणजे झाड. वर पिंजलेला कापूस, तोबी झाडच. मग?"

कोल्हापूरकर म्हणाला, जाड थर दिला तर ताग आणि कापूस आवाज छान शोषतात, फक्त किडीचं बघा. वृषभ हसला. वखार बंद होऊन कैक वर्षं झालेली, पोती रिकामी, खडखडीत वाळलेली. "त्यात किडा काय खाऊन जगंल वो?" तंबाखूच्या घरातला माणूस असं म्हणाल्यावर कोण काय बोलणार?

तरीही आक्कांनी प्रत्येक पोतं अंगणात उन्हात पसरलं, पांढऱ्या धोतरावर झटकलं आणि चष्मा लावून तपासलं. चुकून एखादी मुंगी दिसली तर कागदावर घेऊन कर्दळीच्या बुंध्याशी सोडली. आपल्या भिंतीत एकही जीव कोंडला जाता कामा नये, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. मग पोत्यांचे थर एकमेकांना चिकटवायची वेळ आली. परशरामनं गोंदाचा डबा आणला. "ह्यात काय घातलंय?" आक्कांनी विचारलं. डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. पूर्वी सरस हाडांचा असायचा, आताचं आपल्याला ठाऊक नाही, असं परशराम म्हणाला. झालं, डबा परत गेला. मैद्याची खळ करायचं ठरलं आणि मोठ्या पातेल्यात ती मीच घोटली. थरावर थर, प्रत्येक थराला मैद्याची खळ.

आषाढात खोली तयार झाली. आक्कांच्या आधी मी आत जाऊन बघितलं. परशरामनं बाहेरून दार लावलं आणि माझ्या कानात कुणीतरी बोळे घातल्यासारखं झालं. "आक्का," अशी मी हाक मारून बघितली. शब्द ओठांपाशीच मेला. आपला आवाज भिंतीवरून परत येतो, हे आपल्याला कधी जाणवत नाही. तो परत आला नाही म्हणजे कळतं. मग मला माझा घोट ऐकू आला. मग मानेतली शीर. मी हलले तर पातळाची सळसळ इतकी जवळून आली, की मागे कुणी उभं आहे असं वाटून मी वळले. मागे कुणी नव्हतं. दार ओढून मी घाईनं बाहेर आले. कार्यालयात कुणीतरी माइक तपासत होतं आणि ते मला गोड वाटलं, आता बोला!

"भ्या वाटतंय व्हय गं?" आक्कांनी विचारलं.

"तुम्हाला नाही वाटत?"

"आत गेल्यावर बघू की," त्या म्हणाल्या. चातुर्मास बसला आणि आक्का गप्प झाल्या.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन आल्या की त्या खोलीत सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसायच्या. पावसानं दार फुगलं होतं आणि आतून त्यांना ते ओढवत नसे, म्हणून वेळ झाली की मी बाहेरून उघडायची. चेहरा असा निवांत असायचा, की मलाच त्यांचा हेवा वाटायचा. कार्यालयात एक बारसं झालं, एक सत्कार झाला, आक्कांच्या डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही. वृषभ ज्याला त्याला खोलीबद्दल सांगत सुटला.

मग काहीतरी बदललं. कधी बदललं ते मला सांगता येणार नाही. दार उघडलं तेव्हा आक्का पाटावर नव्हत्या. खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, सगळ्या भिंतींपासून सारख्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी भिंतीवर तळवा टेकून बसल्या होत्या, आजाऱ्याचं कपाळ बघतात तसा. नंतर एकदा बोळाकडच्या भिंतीला कान लावून बसलेल्या दिसल्या. दार उघडल्याचंही त्यांना कळलं नाही. डोळे मिटलेले आणि ओठ घट्ट आवळलेले. ज्या बाईला स्वयंपाकघरातलं दूध ऐकू यायचं, ती त्या खोलीत काय ऐकत असेल?

त्याहून विचित्र म्हणजे बाहेर आल्यावर त्यांची एक मूठ मिटलेली असायची. तशीच मूठ घेऊन त्या अंगणात कर्दळीपाशी जायच्या, वाकायच्या, मूठ उघडायच्या आणि बराच वेळ तिथंच थांबायच्या. काय सोडताय, म्हणून मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खूण करायची नाही, म्हणून मानही हलवली नाही. पण डोळे काही बोलायचे राहत नाहीत, आणि त्या डोळ्यांत भीती होती.

आक्का आंघोळीला गेलेल्या बघून एक दिवस मी खोलीत शिरले. दार लावून घेतलं आणि भिंतीला कान लावला. आधी नुसती माझीच शीर. मग तिच्यामागून, फार आतून, काहीतरी बारीक करकरलं. थांबलं. पुन्हा करकरलं, या वेळी डावीकडे. मग वर, माझ्या डोक्याच्याही वर. दात नसलेलं माणूस पापड चघळतं ना, तसं, पण एका जागी नाही, सगळ्या भिंतीभर. मी मागं सरले, तर मागच्या भिंतीतही तेच. चारी बाजूंनी कुणीतरी मला वेढून शांतपणे जेवत होतं.

ओरडावंसं वाटलं, पण या खोलीत ओरडून काय उपयोग, हेही त्याच क्षणी कळलं. मग खाली बघितलं. भिंतीच्या कडेला पिठासारखा भुगा सांडला होता आणि त्यात तिळाएवढा तपकिरी किडा चालत होता.

तंबाखूचा किडा. पोत्यांच्या विणीत उरलेल्या चुऱ्यावर तो कसाबसा तगला होता, आणि तिथंच त्याची अंडी होती. चष्म्याला ती दिसली नाहीत, उन्हानंही मेली नाहीत. आणि रिकाम्या पोत्यात तो खाणार काय, याची सोय आम्हीच केली होती. हाडांचा गोंद नको म्हणून मी पातेलंभर मैद्याची खळ घोटून प्रत्येक थरात भरली होती. कुणाचा जीव जाऊ नये म्हणून केलेल्या भिंतीत आम्ही जिवांची पिढी वाढवली होती, आणि वर प्लाय ठोकून त्यांना कोंडलं होतं. पोखरून बाहेर येणारे आक्कांच्या मुठीतून कर्दळीपाशी पोचत होते. बाकीचे आत जन्मत होते आणि आतच मरत होते. आक्का ते सगळं ऐकत पाटावर बसत होत्या. बोललं तर मौन जाणार. न बोललं तर हे चालू राहणार. शिवाय बोलून वृषभच्या कानावर गेलं तर तो काय करील, हे त्याला वाढवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

त्या बाहेर आल्यावर मी हळूच म्हणाले, "आक्का, मला कळलंय. दिवाळीला तुमचं मौन सुटू दे, मग भिंत उघडून सगळी पोती वखारीत नेऊन टाकू. तोवर ह्यांना मी काही सांगत नाही." आक्कांनी मान हलवली नाही. डोळे मात्र भरून आले. तेवढं मला पुरे होतं.

पण वृषभही तंबाखूवाल्याचाच मुलगा. आक्कांची चटई झटकायला म्हणून तो आत गेला आणि भुगा बघताच ओळखला. मला एक शब्द बोलला नाही. आक्कांना मात्र विचारलं, असं मागाहून कळलं. "आक्का, भिंतीत किडा झालाय. औषध मारू न्हवं?" आक्का काय उत्तर देणार? त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. नाही म्हणाल्या नाहीत, म्हणजे हो, असा आमच्या साहेबांनी हिशेब केला!

भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वातली, आम्हा जैनांच्या उपासतापासाच्या दिवसांतली सकाळ होती. मी बाजारातून येत होते, तर बोळातून ड्रिलचा आवाज आला. बघते तर परशराम बाहेरून भिंतीला भोकं पाडतोय आणि वृषभ त्यातून नळीनं औषध सोडतोय.

"अहो, आत आक्का आहेत!"

"असू देत की. सामायिकात हाईत. औषध भिंतीतच ऱ्हातंय, आत जात न्हाय. त्या उठायच्या आत आटपतंय बघ." आणि माझा चेहरा बघून त्यानं वर समजूत काढली, "त्येंना कळायचंबी न्हाय गं. आवाजच जात न्हाय न्हवं?"

परशरामनं ड्रिल बंद केलं. मी भिंतीला कान लावला. आतून काही नाही. श्वाससुद्धा नाही. बोळात कोंबडी चरत होती, कार्यालयात भांडी पडत होती, आणि त्या भिंतीपलीकडे जग नव्हतंच. कोल्हापूरकरानं काम चोख केलं होतं. मी पिशवी तिथंच टाकून घरात धावले आणि फुगलेलं दार खांद्यानं रेटलं.

दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. आक्का बोळाकडच्या भिंतीपाशी उभ्या होत्या. दोन्ही हातांनी त्या मऊ भिंतीवर मारत होत्या आणि ओरडत होत्या. घसा फुटून गेलेला, शब्द फाटलेले. "नगं रं वृषभा! आत जीव हाईत रं! थांब रं लेकरा!" किती वेळ चाललं होतं कोण जाणे. ड्रिलची पहिली घरघर त्यांना लागली असेल तेव्हापासून असणार. पाट उलटा पडला होता.

मी त्यांना मागून धरलं. वृषभ धावत दारात आला, हातात नळी तशीच. त्याला बघून आक्का गप्प झाल्या. मग वळून त्यांनी भिंतीला कान लावला. मीही लावला. मला वृषभचा संताप आला होता आणि त्याच वेळी त्याच्याकडे बघवत नव्हतं. आम्ही दोघी ऐकत राहिलो. डावीकडे काही नाही. वर काही नाही. मागच्या भिंतीतही, थोड्या वेळानं, काही नाही.

"आक्का," वृषभ म्हणाला. त्याचा आवाज दोन पावलांवर मरत होता. "तू बोललीस?"

"लई वरडलो रं," आक्का म्हणाल्या. "तुला ऐकू आलं न्हाय?"

"न्हाय आक्का. देवाशप्पत न्हाय."

आक्कांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, लहानपणी फिरवत असतील तसा.

"मग लई चांगली केलास रं खोली," त्या म्हणाल्या.